सवतीला लावलेला रंग

बाबांच्या बोटीला आई सवत म्हणते. चारचौघांत म्हणते, बाबांच्या तोंडावर म्हणते. "माझ्या सवतीकडे निघालात वाटतं?" असं तिने विचारलं की बाबा चपला घालता घालता म्हणतात, "हो, जरा भेटून येतो." मी त्या बोटीत पाय ठेवणार नाही, असं आईने बोट घरात, म्हणजे धक्क्यावर, आली त्या दिवशीच जाहीर केलं होतं.

मी बोटींचं वायरिंग करून पोट भरते. लांब राहते, पण बोलावलं तर येते. तरी बाबांनी आपल्या बोटीची तक्रार मला सांगितली नव्हती. तक्रार अशी, की तळातलं पाणी उपसायचा पंप सुरू झाला की दिवे मिणमिणायचे आणि वायरलेस बंद पडायचा. बाबांनी बॅटरी बदलली. तरी तेच. मग त्याहून मोठी बॅटरी आणली, ती उचलताना कंबर धरली, आणि तरीही तेच.

गेल्या आठवड्यात ते धुक्यात अडकले. पंप चालू, वायरलेस मुका, आणि आई धक्क्यावर उभी. ते परत आले तेव्हा ती ओरडली नाही. आई ओरडली नाही की आमच्या घरात सगळे घाबरतात. ती एवढंच म्हणाली, "विकून टाका." बाबांनी कबूल केलं, की रविवारपर्यंत दुरुस्त झाली नाही तर बर्फाच्या कारखानेवाल्याला देऊन टाकेन. बर्फवाला रविवारी चहाच्या वेळी येणार होता आणि मला फोन आला रविवारी सकाळी.

"आधी का नाही सांगितलंत?" मी केबिनमध्ये शिरता शिरता विचारलं आणि कपाळ आपटून घेतलं. त्या दाराची वरची फळी इतकी खाली आहे की नवखा माणूस तिथे आपटतोच, आणि मी फार दिवसांनी आले होते.

"तूही विक म्हणाली असतीस," बाबा म्हणाले.

यावर भांडायला माझ्याकडे पुष्कळ होतं, पण वेळ नव्हता. पंप चालू करायला लावला आणि मीटर बॅटरीला टेकवला. साडेबारा व्होल्ट. मग दिव्यांच्या बटणांच्या पॅनेलवर टेकवला. दहाच्या जेमतेम वर.

"बॅटरी ठणठणीत आहे बाबा. आधीचीही असणार. दोन व्होल्ट वाटेत कोणीतरी खातंय."

"मग लाल वायर बघ."

लाल वायर बघितली. फ्यूज, मुख्य स्विच, एकेक जोड. सगळं लख्ख. बाबा टॉर्च धरून होते, म्हणजे मला हवा तिथे सोडून बाकी सगळीकडे उजेड पाडत होते. आता काळी बघते म्हटल्यावर त्यांनी हात झटकला. काळी वायर परतीची, तिचा काय त्रास, असं त्यांचं म्हणणं. करंट गेला तसा परतही यावा लागतो, हे त्यांना आजवर पटलेलं नाही. त्यांच्या मते गेला तो गेला.

तेवढ्यात आई जेवणाचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन आली. मला वाटलं, धक्क्यावरूनच हाक मारेल. ती बोटीत उतरली, माझ्याकडे बघत बोलत बोलतच त्या फळीखाली नेमकी वाकली आणि आत येऊन खोक्यावर बसली. "झालं का काही?" तिने विचारलं. फळीकडे तिने बघितलंसुद्धा नव्हतं.

मी काळ्या वायरीकडे वळले. सगळ्या काळ्या वायरी पॅनेलमागच्या एका पितळी पट्टीवर येतात आणि तिथून एक जाड काळी वायर बॅटरीकडे परत जाते. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी पट्टीला. इथे शून्याच्या आसपास यायला हवं होतं. आले जवळजवळ दोन. जाड वायरीच्या टोकाला बोट लावलं तर ते कोमट होतं.

"टॉर्च इकडे धरा. इकडे, बाबा."

उजेड पडला आणि तो सगळा कोनाडा पोपटी दिसला.

"हा एक रंग," बाबा पुटपुटले. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी घरी पडून होतो, तेव्हा धक्क्यावरच्या वॉचमनने आतून सगळी रंगवली. बघितल्या बघितल्या मी त्याला म्हटलं, रंग निवडणाऱ्याच्याच डोळ्यांचं ऑपरेशन करायला हवं. घरी येऊन हिलाही सांगितलं. काय हसलो मी."

आई हसलेली नव्हती, हे सांगायला नको. तो रंग आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्यांचा होता. बाबांना तो ओळखता आला नाही, कारण त्या फळ्यांकडे ते फक्त खाऊचे डबे शोधायला बघतात.

मी नट उघडला. वायरीचं टोक बाजूला केलं. खाली पितळ नव्हतंच. एकसारखा, गुळगुळीत, दोन हात दिलेला पोपटी रंग होता. बारीक स्क्रू आवळून बसले होते म्हणून वाचले होते, पण हा नट निघाला होता. दुसरा कोणी असता तर नटाभोवतीने ब्रश फिरवून मोकळा झाला असता. आमची आई खिळ्याभोवतीने कधी रंगवत नाही. खिळा काढते, खालची जागा रंगवते, पुरती वाळू देते आणि मग खिळा परत ठोकते. माझ्या लहानपणीच्या प्रत्येक घरात प्रत्येक बिजागरीखाली रंग होता.

नट रंगावर बसला होता. दिव्यांपुरता थोडा करंट कसाबसा जायचा, पंप लागला की तिथेच अडायचा.

"रंगातून करंट जात नाही का गं?" आईने विचारलं. आवाज अगदी लहान होता. तिला धुक्यातली दुपार आठवत होती, मला दिसत होतं, आणि मला रडू आलं. मी वॉचमनवर ढकलून द्यायला तोंड उघडलं, पण बाबा टॉर्च घेऊन त्या कोनाड्यात डोकं घालून बसले होते. त्यांनी नटाखालच्या रंगावरून अंगठा फिरवला. घरातल्या बिजागऱ्या त्यांनीही जन्मभर बघितल्या होत्या.

"पॉलिश पेपर दे, पक्कड," ते मला म्हणाले. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून मी पक्कड. त्यांनी स्वतः घासलं, नटाएवढ्याच जागेवर, बाजूचा रंग जराही न दुखवता. मी वायर बसवली, नट आवळला.

आई उठून धक्क्यावर गेली होती. बर्फवाला येऊन तिच्याशेजारी उभा होता, बोटीकडे घरच्यासारखा बघत. मी बाहेर जाऊन माझ्या पिशवीतला हातात धरायचा छोटा वायरलेस आईला दिला. "ऐकू येतंय का ते तूच सांग."

आत पंप घरघरला, सगळे दिवे लागले आणि एकही मंद झाला नाही.

"धक्का, ऐकू येतंय का?" बाबांचा आवाज खणखणीत आला.

आईने बटण दाबलं. "येतंय."

"पंप चालू आहे."

"दिसतंय."

"त्या रंगाबद्दल मी जे बोललो ते मागे घेतो. छान आहे रंग." त्या चॅनेलवर आसपासच्या सगळ्या बोटी ऐकत असतात. शेजारच्या बोटीवरचा जाळं विणणारा माणूस विणायचा थांबला.

आईने पदराने डोळे पुसले. मग बटण दाबून म्हणाली, "बर्फवाले आलेत. त्यांना काय सांगू?"

"आतून तू रंगवलीस. तूच सांग."

आईने थर्मास उघडला, बर्फवाल्याच्या हातात चहा दिला आणि म्हणाली, "चहा घ्या. बोट विकायची नाही. बाहेरची बाजू रंगवायची राहिली आहे."

मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "या वेळी कोणते नट काढायचे नाहीत, ते आधी दाखवून ठेव."