समताच्या गाडीतली हवा

मी एअर हॉर्न बोलतोय. दचकू नका, आता माझा आवाज निघत नाही.

भाऊरावांनी मला आणलं ते लेकीसाठी. नागपूरहून बदलीवर आलेला हा माणूस निवृत्त होऊन गुरुग्रामलाच राहिला. त्यांची समता सरकारी नोकरीत, व्हीलचेअरवर. तिची व्हॅन हवेच्या सस्पेन्शनची. हवा सोडली की गाडी खाली बसते, समता खुर्चीसकट फळीवरून आत जाते, टाकीतली हवा भरली की गाडी पुन्हा उठते. ब्रेकसुद्धा हातानेच. लायसन्सची चाचणी तेवढी उरली होती. ती पास झाली की समता ऑफिसला एकटी जाणार होती, आणि याआधी दोन तारखा हुकल्या होत्या.

"अगं, दिल्लीत गप्प बसणाऱ्याला रस्ता कोण देतं?" भाऊराव म्हणाले. मेकॅनिकने माझी नळी सस्पेन्शनच्याच टाकीला जोडली. मला वेगळी टाकी कशाला, असं दोघांचं मत पडलं.

चाचणीला निघालो तेव्हा समता गाडी चालवत होती आणि शेजारी बसलेल्या भाऊरावांचं बोट दिल्लीतल्या द्वारकेच्या चाचणी केंद्रापर्यंत माझ्या बटणावरून हललं नाही. मीही चेकाळलो! बसवालेसुद्धा बाजूला होत होते. मला वाटलं, गाडी मीच चालवतोय.

समता उतरून कागद दाखवून आली, आत बसली, आणि गाडी उठेना. सगळी हवा मी फुंकून टाकली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मॅडम, नंबर आ गया. नहीं तो अगली तारीख ले लो," चाचणी घेणारे साहेब म्हणाले.

"हवा भर रही है सर. दस मिनट दीजिए, मैं हटूँगी नहीं." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, हात मांडीवर ठेवा. कुणीही मधे येऊ दे, हा हॉर्न वाजणार नाही."

कॉम्प्रेसर घरघरत राहिला. साहेब घड्याळ बघत थांबले. गाडी हळूहळू उठली.

चाचणीत एक स्कूटरवाला आडवा आलाच. भाऊरावांचा हात उचलला गेला आणि परत मांडीवर गेला. समताने ब्रेक दाबला, त्याला जाऊ दिलं, पुढे निघाली. पास झाली.

माझी नळी भाऊरावांनी त्याच दिवशी काढायला लावली. बॉनेटखाली मी आहे तसाच, मुका. समता रोज एकटी ऑफिसला जाते. गाडीचा साधा हॉर्न तिला पुरतो.

सकाळी सोसायटीच्या फाटकाशी ती चढत असते आणि मागे गाड्यांचे भोंगे सुरू होतात. ती घाई करत नाही. मी त्याच धंद्यातला, म्हणून हात जोडून सांगतो: बटणावरचं बोट काढा. तिला फक्त चार इंच वर यायचंय.