नव्यासारखं जस्त

मी जस्ताचा एक तुकडा बोलतोय. तळहाताएवढा, राखाडी, बेढब. शिडाच्या एका बोटीच्या तळाला, पाण्याखाली, मला दोन बोल्टांनी आवळलंय. माझं काम एका शब्दात सांगतो: झिजायचं.

खारं पाणी धातू खातं. बोटीला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्याला, त्याच्या दांड्याला, पाणी आत घेणाऱ्या पितळी व्हॉल्व्हला त्याने तोंड लावू नये म्हणून मला पुढे केलेलं असतं. जाड तारेने मी त्या सगळ्यांशी जोडलेला. समुद्राने मला खावं, मी संपत आलो की माणसांनी दुसरा बसवावा. याबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

मी साच्यातून निघालो तेव्हा ओतणाऱ्याने माझ्यावर ‘रंग लावू नये’ अशी अक्षरं उठवली होती. पण कुठे? पोटाच्या बाजूला. बोल्ट आवळल्यावर ती वाचायला बोटीचा तळ तेवढा उरला.

बोट एका नवराबायकोची. तो भूगोल शिकवून निवृत्त झालेला, म्हणून धक्क्यावर मास्तर. ती सगळ्यांची वहिनी. बावीस दिवसांचा समुद्र दोघांनीच ओलांडायचा, असं त्यांनी अकरा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. आता मास्तरांचे गुडघे जेमतेम एक मोसम साथ देतील, असं डॉक्टर म्हणाले होते. जायचं तर येत्याच मोसमात, वारा फिरायच्या आत.

मग तयारी सुरू झाली. शिडं शिवणारी आली, डोलकाठीच्या तारा ताणणारा आला, वायरमन आला. वहिनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या, “हे भर समुद्रात बिघडलं तर मी काय करू?” आणि उत्तर वहीत उतरवायच्या.

रंगाऱ्यालाही त्यांनी विचारलं, “रंग निघाला तर?”

“निघणार नाही,” तो म्हणाला. “मी लावलाय.”

खरंच हाडाचा कारागीर होता तो. तळाला शंखशिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो लाल रंग त्याने दोन हात दिला, आणि अंगठ्याएवढी जागाही कोरी सोडायची नाही या हट्टापायी मलाही नखशिखान्त रंगवलं. वर दोन पावलं मागे सरकून मान तिरकी करून बघितलं. मी तोंडात बोळा कोंबल्यासारखा गप्प. रंगाखाली मला पाणी लागणार नाही, आणि पाणी लागलं नाही तर मी झिजणार नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बोट वर्षभर पाण्यात राहिली. वर कपाटं बसत होती, डबे भरत होते, हसणं-खिदळणं चालू होतं. खाली समुद्राने मला हुंगलं, सोडलं, आणि व्हॉल्व्हला तोंड लावलं. पितळातही माझ्याच जातीचं जस्त असतं. ते कणाकणाने निघून जात होतं आणि मी अंगावरचा लाल रंग मिरवत बसलो होतो. पहारेकऱ्याला खोलीत कोंडून चोराला दार उघडून द्यावं, तसं झालं होतं.

निघायच्या दोन दिवस आधी क्रेनने बोट उचलून ठोकळ्यांवर टेकवली. शेवटची तपासणी. तपासनीस साहेब आले, पांढरी पँट, हातात फळीला लावलेला कागद. उभ्यानेच वाकल्यासारखं करून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“जस्त अगदी नव्यासारखं. उत्तम.” आणि सही केली.

रंगाऱ्याला माहीत नव्हतं. या माणसाला माहीत होतं. जस्त कशाला असतं हे शिकूनच तो साहेब झाला होता. पण माहीत असणं वेगळं आणि धुळीत आडवं होणं वेगळं.

“सोडू का खाली?” क्रेनवाला ओरडला. “मागे दोन बोटी थांबल्यात.”

“सोडा,” मास्तर म्हणाले.

“थांबा जरा,” असा आवाज पंख्याजवळून आला. इंजिन बघणाऱ्या मेकॅनिक मावशी तिथे पाठीवर पडून दांडा तपासत होत्या. घसरत माझ्याजवळ आल्या, खिशातला चाकू काढला आणि मला खरवडलं. लाल पापुद्रा निघाला. वर्षाने मला पहिल्यांदा हवा लागली.

“वर्षभर पाण्यात राहून हे नव्यासारखं?” मावशी म्हणाल्या. “मग दुसरं काहीतरी जुनं झालंय.”

“मावशी, सही झालीय,” साहेब म्हणाले. “वारा यांच्यासाठी थांबणार नाही.”

“सही वाळली असेल तर जरा बाजूला सरा. माझ्या उजेडात उभे आहात.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “मावशी, आज राहिलं तर मोसम जाईल हो. माझ्याकडे पुढचा मोसम नाही.”

मावशींनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. “वहिनी, आत जा. मोरीखालच्या पितळी व्हॉल्व्हवर पाय देऊन रेटा. धडधाकट असला तर माणसाचं वजन पेलतो.”

वहिनींनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, वही त्यांच्या हातात दिली आणि शिडी चढल्या. क्रेनवाल्यानेही इंजिन बंद केलं. तारेतून मला पाऊल जाणवलं. आधी हलकं. मग भार.

कट्‌ असा सुकी काडी मोडल्यासारखा आवाज झाला. व्हॉल्व्हचा बुडखा तळातून निसटून मास्तरांच्या पायाशी पडला. मोडलेली कड जुन्या विटेसारखी गुलाबी, भुसभुशीत. जिथे तो होता तिथे मुठीएवढं भोक.

त्या भोकातून वहिनींचा आवाज आला, अगदी शांत. “अहो, मला इथून तुमची चप्पल दिसतेय.”

मास्तरांनी बुडखा उचलला आणि अंगठ्याने त्याची कड चुरडून पाहिली.

“मी दिसतं तेवढंच तपासतो,” साहेब म्हणाले. “दुरुस्ती करा, नवीन सर्टिफिकेट देतो.”

वहिनी खाली आल्या होत्या. “आधी आडवे होऊन बघा, मग द्या.”

साहेबांनी पँटकडे पाहिलं आणि ते गाडीत जाऊन बसले.

रंगाऱ्याला निरोप गेला. तो आला, माझ्यापुढे मांडी घालून बसला आणि पात्याने मला उघडं केलं. “वहिनी, चुकलंच माझं.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं?”

“नाही.”

“मग सांगायचं माझ्याकडून राहिलं,” म्हणत त्यांनी वहीत लिहून घेतलं.

नऊ दिवस गेले. सगळे व्हॉल्व्ह बदलले. मोसमाच्या अगदी शेपटीला धरून बोट निघाली.

आज प्रवासाचा सतरावा दिवस. वारा कधीही फिरेल म्हणून मास्तर आकाशाकडेच डोळे लावून असतात. माझ्याखाली तळ दिसत नाही. माझ्या कडा खाल्ल्या गेल्यात, अंगाला खड्डे पडलेत. सह्या करणाऱ्यांना माझी एकच विनवणी आहे: आमच्यासारख्यांचं कौतुक करण्याआधी आम्हाला हात लावत जा.

वारा पडला की वहिनी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरतात आणि माझ्यावर बोटं फिरवतात. काल त्या वर गेल्या तेव्हा मास्तरांनी विचारलं, “कसं आहे गं?”

“पार वाट लागलीय त्याची,” वहिनी म्हणाल्या, आणि केस पुसून जेवायला बसल्या.