कोरडं पातं

माझी भाची कॉलेजात गेली त्याच वर्षी तिच्या बापाचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, दम वाढला. आम्ही दोघं एकाच कारखान्यात कामाला. तो यंत्रावर दगडी लाद्या कापायचा, मी त्यांना पॉलिश करायचे. जिना चढून तो घरात येईपर्यंत त्याचा चहा निवून जायचा.

"बिडी सोड मेल्या," मी म्हणायचे.

"सोडली की, ताई. आता काय श्वासही सोडू?"

डॉक्टर म्हणत, यंत्राचं काम सोडा. पण त्याला दुसरं काम येत नव्हतं, आणि दोष यंत्राचा आहे हे पटतही नव्हतं.

मागे कधीतरी एक संशोधक बाई कारखान्यात आल्या होत्या. सगळ्यांना नळीत फुंकायला लावलं, छातीचे फोटो काढले. पुढे त्यांचा लेख परदेशात छापून आला आणि त्यांनी त्याची प्रत मालकांना पाठवली. पहिल्याच पानावर आमच्या कारखान्याचं छायाचित्र, यंत्राशी धाकटा उभा. आम्हाला कोण अभिमान! मालकांनी ते पान फ्रेम करून यंत्राच्या वर टांगलं. बाकीची पानं फ्रेमवाल्याने टाकून दिली. सगळं इंग्रजीत, कोण वाचणार? काम संपलं की धाकटा फडक्याने काचेवरची धूळ पुसायचा.

मी अक्षरं शिकले पन्नाशीनंतर, प्रौढांच्या वर्गात. तेव्हापासून दुकानाची पाटी म्हणू नका, औषधाची बाटली म्हणू नका, काही वाचायचं सोडत नाही. त्या पानासमोर मात्र मी पुन्हा अडाणी. एकदा भाची बापाचा डबा घेऊन आली, तेव्हा तिला म्हटलं, "वाच गं, काय लिहिलंय."

वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "आत्या, काही कारखान्यांत माणसांची फुप्फुसं खराब झालीत, काहींत नाही. असं का, ते म्हणे शेवटी सांगितलंय."

"मग शेवट वाच."

"शेवट इथे कुठाय?"

फोनवर शोधलं. तिथेही फुकट तेवढं पहिलंच पान. पुढचं पैसे भरल्याशिवाय उघडेना, आणि पैसेही परदेशी कार्डावरच.

"फुप्फुसं बाबांची, आणि बघायला तिकीट आपण काढायचं," भाची म्हणाली.

तिने बाईंना लिहिलं. त्या दुसऱ्या देशात गेल्या होत्या. उत्तर आलं तोवर उन्हाळा सरला आणि धाकट्याने अंथरूण धरलं. बाईंनी पूर्ण लेख पाठवला, वर दोन ओळी: आपल्या भाषेत लिहायचं मनात होतं, पण तसलं लिखाण नोकरीच्या हिशेबात धरत नाहीत. राहून गेलं.

भाची त्याच्या खाटेशी बसून भाषांतर करायची. "सूक्ष्म कण," ती म्हणायची. "भुकटी म्हण," धाकटा म्हणायचा. शेवटाला पोचलो तेव्हा निघालं ते एवढंच: जिथे पात्यावर पाण्याची धार सोडून दगड कापतात, तिथली माणसं धडधाकट. जिथे कोरडा कापतात, तिथली नाहीत.

आमचा नळ यंत्राला लागूनच होता. पाण्याने चिखल होतो, लाद्या वाळेपर्यंत माल नेणारी गाडी खोळंबते, म्हणून धाकटाच तो बंद ठेवायचा. उरक दांडगा, म्हणून मालक त्याचं कौतुक करायचे.

"परत वाच," तो म्हणाला. तिने परत वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच, बाबा."

तो हसायला गेला आणि खोकतच राहिला. मग म्हणाला, "ताई, आणि मी काच पुसत बसलो!"

दुसऱ्या दिवशी भाचीच्या अक्षरातला तो मजकूर मी कारखान्यात मोठ्याने वाचला. मालक खाली मान घालून ऐकत होते. संध्याकाळच्या आत यंत्राला पाइप लागला. मी डॉक्टरांना विचारलं, "आता काही फरक पडेल?" ते म्हणाले, "इतरांना पडेल."

धाकटा त्याच हिवाळ्यात, एका गुरुवारी सकाळी वारला. एक्कावन्न वर्षांचा होता.