विकत घेतलेलं यीस्ट

फ्रीज बंद पडला शनिवारी आणि आम्हाला कळलं सोमवारी. दार उघडल्याबरोबर वास आला, तेव्हाच मी समजले की यीस्ट गेलं. तरी नवऱ्याने बरणीचं झाकण काढलं, हुंगलं आणि "कदाचित अजून..." म्हणाला. माझा नवरा मढ्याचीही नाडी तपासेल. मी बरणी त्याच्या हातून घेतली आणि मोरीत ओतली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मोड आणून वाळवलेल्या जवाचं माल्ट, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं, पाणी हे सगळ्यांना सारखंच मिळतं. बिअरला तिची चव देतं ते यीस्ट. विरजण जपावं तसं ते जपावं लागतं, एका टाकीतून काढायचं आणि पुढच्या टाकीला लावायचं. माझ्या काळ्या बिअरचं यीस्ट मी वर्षानुवर्षं असंच पुढे नेलं होतं. ते नसेल तर मी बनवीन ती बिअर असेल, पण माझी नसेल. आणि लोक आमच्या दारात येतात ते तेवढ्यासाठीच.

आम्ही सुरुवात केली तेव्हा या भागात बिअर बनवणारं दुसरं कुणी नव्हतं. बाईमाणसाने हे धंदे करायचे का, असं थोरल्या जाऊबाईंनी मला तोंडावर विचारलं होतं. आता दर वळणावर एक ब्रुअरी आहे, सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या बसगाड्या येतात, नगरपालिकेने नकाशा छापलाय, आणि जाऊबाई पाहुण्यांना "आमच्या घरचीच हो" म्हणून ग्लास पुढे करतात. ही वाढ कशाने झाली ते भाषणं ठोकणाऱ्यांना विचारू नका. आमच्यात एक रीत होती. कुणाचं यीस्ट बिघडलं की त्याने डबा घेऊन शेजाऱ्याकडे जायचं आणि शेजाऱ्याने तो भरून द्यायचा. पैसे नाहीत की उपकाराची भाषा नाही. आज त्याच्यावर वेळ आली, उद्या आपल्यावर येईल, हे प्रत्येकाला कळत होतं.

मास्तरांनाही मी असंच दिलं होतं. मास्तर म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. गॅरेजमध्ये त्यांनी बिअर करायला घेतली आणि पहिल्या दोन्ही टाक्यांचं व्हिनेगर झालं. बायको बोलायची बंद झाली होती. मी त्यांना यीस्ट दिलं, टाकी कशी धुवायची ते बाह्या सरसावून दाखवलं, आणि मास्तरांची गाडी रुळावर आली. पुढे बाकीच्यांनी पाकिटातलं यीस्ट घ्यायला सुरुवात केली. ते सोपं पडतं, माझी तक्रार नाही. पण त्यामुळे माझं यीस्ट आता माझ्याखेरीज फक्त मास्तरांकडे उरलं होतं. आणि मास्तरांची ब्रुअरी गेल्या वर्षी एका बड्या कंपनीने विकत घेतली होती. मास्तर तिथेच मॅनेजर झाले होते.

मी डबा घेऊन गेले. त्यांनी मला काचेच्या केबिनमध्ये बसवलं, कॉफी मागवली. काय झालं ते मी सांगितलं. ते बिनसाखरेची कॉफी उगाच ढवळत राहिले. मग म्हणाले की कंपनीने टाक्या, कृती, लेबल आणि यीस्ट असं सगळं एकदमच घेतलंय. त्यातलं थेंबभर बाहेर गेलं तर त्यांची नोकरी जाईल.

"मास्तर, ते माझं यीस्ट आहे."

"होतं, ताई. आता कंपनीचं आहे."

"तुम्हाला फुकट मिळालेली वस्तू तुम्ही विकलीत?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमची बाटली दुकानात मिळते, ताई. एकदा घेऊन बघा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर नकार द्यायचा आणि वर मलाच माल खपवायचा. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मी डबा उचलला आणि त्यांच्या कॉफीला हात न लावता निघून आले.

घरी येऊन मी भांडी आपटली. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, बाहेर गेला आणि मास्तरांच्या बाटल्यांची पिशवी घेऊन आला. ती माझ्या नजरेसमोर नको, असं मी त्याला बजावलं. त्याने एक बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

"अगं, चिडायचं ते चीड, पण आधी तळ बघ."

तळाशी फिकट गाळाचा थर होता. ही बिअर गाळत नाहीत, लेबलवर "जिवंत बिअर" असं मोठ्या अक्षरांत लिहून मिरवतात. तो थर म्हणजे यीस्ट होतं. माझं.

माल्टचं पाणी उकळून निववलं, बाटल्यांची तोंडं ज्योतीवर फिरवली आणि तळाचा गाळ त्यात सोडला. लहान बरणीतून मोठ्या बरणीत, तिथून बादलीत, असं करत यीस्ट हळूहळू वाढलं. फेस वर आला आणि ओळखीचा वास सुटला तेव्हा मला रडू आलं. आनंद झालाच, पण राग त्याहून मोठा होता.

नवरा म्हणाला, बिचाऱ्याने जमेल तेवढं सुचवलं की. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. मास्तरांनी मदत केली, पण चोरवाटेने, अंग राखून. माझीच वस्तू आम्ही गिऱ्हाईक होऊन गल्ल्यावरून आणली.

मग आमच्या भागातल्या बिअरवाल्यांची सभा झाली. विषय होता आपल्या धंद्याचं भवितव्य. व्यासपीठावर मास्तर, शेजारी कंपनीचा माणूस. आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं मास्तर म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मी हात मांडीवरून उचलले नाहीत.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. आभाराची वाट पाहत असल्यासारखे हसत हळूच म्हणाले, "जमलं ना, ताई?"

खरं सांगते, सगळ्यांच्या देखत त्यांचं बिंग फोडायचं माझ्या जिभेवर आलं होतं. कंपनीचा माणूस हाकेच्या अंतरावर होता. एका वाक्यात मास्तर घरी बसले असते.

तेवढ्यात नुकतीच ब्रुअरी काढलेल्या जोडप्यातली मुलगी मध्ये आली. तिला पाकिटातल्या यीस्टची चव आवडत नव्हती. माझ्याकडचं थोडं मिळेल का, असं तिने चारचौघांत सरळ विचारलं.

"उद्या ये," मी मोठ्याने म्हणाले. "आणि पुढे तुझ्याकडे कुणी आलं तर तूही दे."

ती गेली. मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

"माझ्याकडे टाक्या भरून आहे, ताई," ते म्हणाले.

"आहे ना. पण तुम्हाला त्यातलं चमचाभरसुद्धा कुणाला देता येत नाही, मास्तर."

कंपनीच्या माणसाने त्यांना हाक मारली. चहा तसाच ठेवून ते गेले.