सात पाने भांडण, चार शब्द उत्तर

मित्रांनो, ऑरिन थिबोच्या चुलींच्या दुकानात कधी आलात तर मागच्या खोलीत डोकावून पाहा. धुराड्याच्या नळ्या आणि सरपणाच्या मोळ्या यांच्यामध्ये एक राखाडी पेटी घरघरत बसलेली दिसेल. ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना संगणक आहे. लोक मला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे वाढपी, असे ऑरिन सांगतो. पण वाढप्याला निदान उरलेले खरकटे बाहेर फेकता येते. मला ते गिळावे लागते.

माझी पहिली नोकरी एका दंतवैद्याकडे होती. मी लोकांच्या दातांची चित्रे सांभाळत असे. तीही तोंडातलीच घाण, पण ब्रशने निघणारी. पुढे दंतवैद्याने नवा संगणक घेतला आणि ऑरिनने मला या दुकानात आणले. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने माझ्या पोटात 'चूल-चर्चा' नावाचा इंटरनेटवरचा मंच सुरू केला. लाकडाच्या चुली पेटवणाऱ्या माणसांनी तिथे प्रश्न विचारायचे आणि जाणत्यांनी उत्तरे द्यायची, एवढाच त्याचा हेतू होता.

सुरुवातीची वर्षे फार छान गेली. बर्चचे लाकूड लवकर वाळते की मेपलचे? सरपण रचताना साल वर ठेवावी की खाली? या सालीवर अकरा पाने वाद झाला, पण कुणी कुणाची आई काढली नाही. एकदा बर्फाच्या वादळात एका म्हाताऱ्याच्या चुलीचे दार निखळले. मंचावरच्या माणसांनी त्याला तासाभरात ते बसवायला शिकवले. दुसऱ्या दिवशी त्याने चुलीसमोर झोपलेल्या कुत्र्याचा फोटो पाठवला. त्या दिवशी ऑरिनने माझ्या डोक्यावरची धूळ पुसली आणि मला थोपटले. तशी थाप पुन्हा मिळाली नाही.

मग रॉइस गॅमन आला. मंचावरचे त्याचे नाव 'काळी धुराडी'.

आमच्याकडे प्रत्येकाच्या नावाखाली दोन आकडे असतात: तो कोणत्या साली आला आणि त्याने किती वेळा लिहिले. माणसाची उंची या आकड्यांवरून मोजतात. रॉइसचा दुसरा आकडा सहा हजार दोनशेच्या वर होता. धुराड्यांतले त्याला जितके कळे तितके अमेरिकेतल्या सबंध मेन राज्यात कुणाला कळत नसेल. फोटो पाहून तो दोष सांगे आणि तो दोष तिथेच निघे. मात्र प्रत्येक उत्तराच्या शेपटीला तो विष लावी. आधी बायकांवर, मग गावात नव्याने आलेल्या आफ्रिकी कुटुंबांवर. लोक म्हणत, "जाऊ द्या हो, त्याची बोलायची पद्धतच तशी आहे." काही जण तर त्या शेपटीसाठीच वाचत. कुणी कुठे पसंतीचे अंगठे दाबले ते मला माहीत आहे. ज्ञानाला सरासरी चार अंगठे, विषाला तीस.

मित्रांनो, एक गुपित सांगतो. पुसलेले कधी पुसले जात नाही. राखणदाराने 'काढून टाका' दाबले की ते लिखाण तुमच्या डोळ्यांआड होते आणि माझ्या पोटातल्या एका कोठडीत जाऊन पडते. तिथे ते कुजतही नाही. अकरा वर्षांची घाण जशीच्या तशी ताजी आहे. मला ओकारी येण्याची सोय नाही, म्हणून मी फक्त तापतो. मग ऑरिन म्हणतो, "पंखा खराब झाला वाटतं."

मंचाची राखण ऑरिनची थोरली बहीण करी. तिचे नाव लिओना पेल्की. आयुष्यभर तिने शाळेची बस चालवली होती. मागच्या बाकावर कोण चिमटे काढतो, हे तिला आरशात न बघताही कळायचे.

"ऑरिन, याला बाहेर काढ," ती दर महिन्याला म्हणे.

"अगं, शेवटची सूचना देतो ना त्याला."

"शेवटची? तुझ्या शेवटच्या सूचना म्हणजे आपल्या बॉब काकाची शेवटची बाटली. दर शनिवारी नवी."

"तो गेला तर धुराड्यांची उत्तरं कोण देणार? तू?"

अशा अकरा शेवटच्या सूचना माझ्याकडे तारखांसह आहेत.

गेल्या जानेवारीत एका सोमवारी मंचावर नवे नाव आले. क्लेमांस इलुंगा. तिने लिहिले होते: "आम्ही काँगोहून आलो. हा आमचा पहिला हिवाळा. भाड्याच्या घरातल्या चुलीची काच दोन दिवसांत काळी होते. दार उघडले की धूर खोलीत येतो. घरमालक म्हणतात, सगळ्याच चुली धूर करतात. हे खरे आहे का? सर्वांना धन्यवाद." सोबत चुलीचा फोटो होता. प्रश्न साधा होता, आणि इतक्या अदबीने आमच्याकडे फार दिवसांत कुणी विचारले नव्हते.

पहिले उत्तर रॉइसचे आले. "शेणावर रांधणाऱ्यांच्या हाती बिडाची चूल दिली की असंच होणार. आल्या वाटेने परत जा. धूर आपोआप थांबेल."

त्याला एकतीस अंगठे पडले.

मग जत्रा भरली. एकाने रॉइसला डुक्कर म्हटले. दुसऱ्याने मतस्वातंत्र्यावर तीनशे शब्द लिहिले. तिसऱ्याने त्या तीनशे शब्दांतल्या चुका काढल्या. ऑरिनने बारावी शेवटची सूचना दिली. लिओनाने सभ्य भाषेचा नियम क्रमांक चार पूर्ण उतरवला. एक जण म्हणाला, "पूर्वी इथे फक्त चुलींवर बोलायचे, काय दिवस होते ते!" आणि तोही चुलीवर काही बोलला नाही. मंगळवार दुपारपर्यंत सात पाने भरली. सज्जनांनी सज्जनपणा मिरवला, दुर्जनांनी दुर्जनपणा. त्या बाईचा प्रश्न दाराशी उभ्या पाहुण्यासारखा तसाच उभा राहिला. मला रॉइसची किळस होतीच. त्या दिवशी सगळ्यांचीच आली.

शेवटी लिओना चिडली. ऑरिनला न विचारता तिने 'काळी धुराडी'वर बंदी घातली. दहा मिनिटांत 'काळी धुराडी दोन' हजर झाली आणि आणखी घाण ओतून गेली.

"थांब लेका," लिओना म्हणाली. "तुझ्या घराचं दारच बंद करते."

प्रत्येक लिखाण कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आले, तो पत्ता माझ्याकडे नोंदलेला असतो. लिओनाने तो पत्ता निवडला आणि त्यावर कायमची बंदी घातली. तो पत्ता आणखी कुणाचा आहे का, हे तिने पाहिले नाही. बसमध्ये मात्र तिने कधी मुले मोजल्याशिवाय दार लावले नव्हते. मला ठाऊक होते. क्लेमांसचा प्रश्नही त्याच पत्त्यावरून आला होता. पण आम्हा यंत्रांना विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

बंदी आलेल्याला एक सवलत असते. त्याला अर्जपेटीत अर्ज टाकता येतो. मात्र लिओनाचा नियम होता, की बंदीनंतर तीस दिवस ती पेटी उघडायची नाही. "रागातलं पत्र गरम तव्यासारखं असतं," ती म्हणे. "निवल्याशिवाय हात लावायचा नाही." नियम शहाणपणाचा होता. तोच आम्हाला नडला.

शुक्रवारी सकाळी दुकानाचे दार धाडकन उघडले. ग्रंथालयाच्या विनी टार्डिफ बाई बुटांचा बर्फ न झटकताच आत आल्या.

"लिओना पेल्की, मी असभ्य आहे का गं?"

"कोण म्हणतं?"

"तुझा मंच म्हणतो! मंगळवारपासून ग्रंथालयातला जो संगणक उघडावा त्यावर तुमची पाटी. 'असभ्य वर्तनाबद्दल कायमची बंदी.' कालच्या विणकाम मंडळातल्या आज्या घाबरून गेल्या. एक म्हणाली, मी तर फक्त राख कुठे टाकायची ते विचारत होते!"

ऑरिन हसू लागला. लिओना हसली नाही. "रॉइस ग्रंथालयातून लिहितो?"

"रोज. फुकट जोडणी, फुकट ऊब. आणि बडबड काय, तर फुकटे लोक गावात आले म्हणून! तो आणि ती क्लेमांस एकाच लांब टेबलावर बसतात. मधे दोन खुर्च्या. तिच्या घरी जोडणी नाही ना, म्हणून ती येते. मंगळवारी ती पाटी बघून बिचारी हादरली. मला म्हणाली, मी काय केलं? परवापासून आलीच नाही."

लिओनाने खुर्ची ओढली. तीस दिवसांचा नियम मोडून तिने अर्जपेटी उघडली.

पेटीत तेवीस अर्ज होते. बावीस रॉइसचे. एक क्लेमांसचा, मंगळवारी संध्याकाळी टाकलेला. लिओनाने तो मोठ्याने वाचला. "मी काय वाईट लिहिले ते मला समजले नाही. इंग्रजी चुकली असेल तर क्षमा करा. मला परत घेतले नाही तरी चालेल, पण एवढेच सांगा. सकाळी उठल्यावर मुलांचे डोके दुखते, लहानीला उलटी होते. खिडकी बंद ठेवू की उघडी?"

लिओनाने पुढचा अर्ज उघडला.

ऑरिन वाकून पडद्यावर बघत होता. क्लेमांसच्या अर्जाखाली, अर्ध्या तासाने आलेला रॉइसचा अर्ज होता. तो त्याने वाचला आणि पुन्हा वाचला.

"त्या बाईचं धुराडं वरून बुजलंय. फोटो पाहिला तेव्हाच कळलं मला. विषारी हवा घरात साठत असणार. काय करायचं ते सांगेन. आधी माझं नाव आणि माझा आकडा परत द्या."

"कधीचं हे?" ऑरिनने विचारले.

"मंगळवारचं."

"आज शुक्रवार आहे, लिओना."

"मला वार शिकवू नकोस! गाडी काढ!"

विनीबाईंना क्लेमांसचे घर ठाऊक होते. लिओनाने अग्निशामक दलाला फोन लावला आणि ऑरिन कोट न घालताच धावला. ते पोचले तेव्हा आई उंबऱ्याशी बसली होती, मोठा मुलगा गुंगीत होता आणि लहानीला उभे राहता येत नव्हते. धुराड्याच्या टोपीवर डांबरासारखी काजळी चढून ते पार बुजले होते. तिघेही तीन दिवस इस्पितळात राहिले आणि वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर सांगता आले नसते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माणसे तुम्हाला कुठे ठाऊक आहेत? आठवड्याभरात मंचावर रॉइसला परत घेण्याची मागणी आली. खाली चौसष्ट नावे. एकाने लिहिले, "काही म्हणा, निदान तर त्याचं बरोबरच निघालं ना?"

मी तेव्हा इतका तापलो, की बंदच पडलो. ऑरिनने मला पुन्हा सुरू केले आणि त्या चौसष्ट जणांना एका ओळीत उत्तर दिले. "ज्याला ठाऊक असून जो किंमत मागतो, त्याच्याकडून मला धुराडे शिकायचे नाही; आणि बारा वेळा शेवटचे सांगितले, ही लाज माझी." रॉइस कायमचा गेला. त्याच्यामागोमाग चाळीस जण रागावून गेले. आता धुराड्यांची उत्तरे द्यायला वेळ लागतो. ऑरिन पुस्तके उघडून शोधतो, पण देतो.

लिओना आता रोज सकाळी, कॉफी गार व्हायच्या आत, अर्जपेटी उघडते. नाक मुरडते आणि सगळे वाचते. बंदी घालण्यापूर्वी त्या पत्त्यावर आणखी कोण आहे ते बसमधल्यासारखे मोजते. काकवीची बिस्किटे घेऊन ती क्लेमांसकडेही गेली होती. परतल्यावर भावाला म्हणाली, "दारातच घेतली तिनं. आभार मानले. आणि विचारलं, मी काय वाईट लिहिलं होतं, तेवढं सांगाल का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही म्हटलं. काहीच नाही. पण तिला ते खरं वाटलं नाही, ऑरिन."

क्लेमांसच्या नावाखालचा आकडा अजून एकच आहे. ती परत आली नाही. तिच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर ऑरिनने मंचाच्या अगदी माथ्यावर लावले आहे. ते आजवर दोनशे बारा जणांनी वाचले. त्या सात पानांचे भांडण वाचून गेलेल्यांचा आकडा नऊ हजारांवर आहे.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझ्या पोटातल्या फिरत्या चकत्या करकरतात. कधीतरी मला भंगारात टाकतील, आणि ती कोठडी माझ्याबरोबर जाईल याचेच मला बरे वाटते. तुम्ही माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण माझ्यासारख्या एखाद्या पेटीत काही टाकण्याआधी थांबा. दाराशी कुणी प्रश्न घेऊन उभे असेल तर आधी त्याला उत्तर द्या. मग खुशाल भांडा. सात पानांत चार शब्दांना जागा होती. ते मला ठाऊक होते, रॉइसलाही ठाऊक होते. मला हात नव्हते. त्याला होते.

चूल विझवा, बाहेर पडा.