लाल रेषेच्या आत

मित्रांनो, या कपाटात तडकलेल्या काचेचा आणि एकाच जागी अडकलेल्या काट्याचा जो वाटोळा डबा तुम्हाला दिसतो ना, तो मी. मी एक जुना जी-मीटर आहे. लढाऊ विमान जोरात वळले की त्यातले सगळेच जड होते. पंख, इंधन, वैमानिकाची मानसुद्धा. ते किती पट जड झाले, हे मी सांगतो.

मला दोन काटे. एक चंचल, भार उतरला की तोही उतरतो. दुसरा हट्टी, जिथवर चढला तिथेच बसून राहतो. खाली एक बटण आहे. ते दाबले की हट्टी काटाही सगळे विसरतो. हे बटण जमिनीवर, पाहणी झाल्यावर, फक्त ताईंनी दाबायचे असा नियम होता. ताई म्हणजे विमानाची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञ. विमान उतरले की त्या शिडी चढून आधी मला पाहत, मग वैमानिकाला. "काटा बरा आहे, म्हणजे तूही बरा असशील," म्हणत. माझ्या तबकडीवर एक लाल रेषा आहे, पंख सोसतील तिथवरची. काटा तिच्यापलीकडे दिसला की विमान बंद. पंख उघडून तपासायचे.

आमचे काम चपळाई मोजण्याचे. विमानाचे नाक किती लवकर वळते, ते कूस किती लवकर पालटते, वळल्यावर गेलेला वेग किती लवकर परत येतो. दुसऱ्या कारखान्याचे विमान आमच्याआधी वळत होते, आणि आमच्या साहेबांची झोप उडाली होती.

विमान दोघे सख्खे भाऊ आळीपाळीने उडवीत. थोरले दादा. धाकट्याला सगळे भिंगरी म्हणत. लग्नाच्या फोटोतही तो हललेलाच आहे म्हणे.

"काय हो, विमान चालवता की बैलगाडी?" साहेब चहा पिताना दादांना टोचत. "धाकट्याचं बघा, कसं वळतं!"

"रेषेच्या आत माझं एवढंच वळतं, साहेब," दादा हसत. "तो लहानपणापासून माझ्यापुढे पळतोय."

कसे वळते, ते मला ठाऊक होते. भिंगरी माझा काटा रेषेपलीकडे नेई. परतताना बटण दाबी, आणि मग एक बेताचे वळण घेई, म्हणजे हट्टी काटा रेषेच्या आत सभ्यपणे बसे. खोटे बोलताना त्यात थोडे खरे मिसळावे लागते, हे त्याला चांगले कळत होते. ताई मला पाहून मान डोलावीत. साहेब त्याची पाठ थोपटत.

एका सकाळी वळता वळता डाव्या पंखाच्या मुळाशी काहीतरी कुरकुरले. भिंगरीने ते ऐकले. तरी बटण दाबले, बेताचे वळण घेतले आणि उतरला. पुढची पाळी दादांची.

"कसं आहे रे विमान?" शिडीखाली दादांनी विचारले.

भिंगरीने एकदा वर माझ्याकडे पाहिले. कुरकुर सांगायची तर बटणाचेही सांगावे लागले असते.

"लोण्यासारखं वळतंय, दादा."

"चला, आज बैलगाडी नाही म्हणजे! तुझ्या वहिनीला सांग, जेवायला थांब म्हणावं."

दादांनी नेहमीसारखेच बेताने वळण घेतले. काटा लाल रेषेच्या खाली होता, तेव्हाच डावा पंख मुळापासून तुटला, आणि त्या हिसक्याने काटा तिथेच अडकला.

दादा वाचले नाहीत. माळरानावरून मला ताईंनी उचलले. चौकशीच्या खोलीत साहेब म्हणाले, "दादांनी वळताना दांडा जास्तच ओढला असणार."

ताईंनी मला टेबलावर ठेवले. "काटा अडकलाय तो रेषेच्या आत. आणि पंखाची अर्धी चीर जुनी आहे, काळी पडलेली. हे विमान दादांनी नाही मोडलं." मग त्या भिंगरीकडे वळल्या. "किती वेळा रे?"

दाराशी वहिनी उभ्या होत्या. भिंगरीने मान वर केली नाही.

"मोजलं नाही," तो म्हणाला.

त्यानंतर तो कधी उडाला नाही. नव्या वैमानिकांना घेऊन तो या कपाटापाशी येतो. बोलता बोलता त्याचे बोट काचेवर, माझ्या बटणासमोर येऊन थांबते. बटण केव्हाच चेमटले आहे. दाबले जात नाही.

मित्रांनो, आपला काटा रेषेपलीकडे गेला तर कोणी रागावेल, हसेल, काम अडून राहील. राहू द्या. ज्याने तो पाहायचा, त्याने पाहीपर्यंत बटणाला हात लावू नका. तुम्ही उतरता तेव्हा त्याच शिडीवर कोणीतरी चढायला उभे असते.