डिंकाचे बुडबुडे की शेवाळ?

मी एक जुना गारेचा, म्हणजे गारगोटीच्या जातीचा दगड आहे आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मला तुमचाही संशय येतो. कुणाच्या खिशात छिन्नी तर नाही ना? नसेल तर बसा. माझा स्वभावच असा झाला आहे, त्याला मी तरी काय करणार?

फार फार पूर्वी, जमिनीवर मोठी झाडं नव्हतीच तेव्हा, मी गरम पाण्याच्या झऱ्याकाठचं एक डबकं होतो. काठावर बिनपानांची, बोटभर उंचीची रोपं काड्यांसारखी उभी असत आणि पाण्यात शेवाळ सुखाने नांदत असे. झऱ्याचं पाणी मोठं प्रेमळ, ऊबदार. त्यात गार विरघळलेली आहे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. एकदा झरा ओसंडला, आमच्या अंगाअंगात शिरला आणि निवता निवता दगड होऊन बसला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच! काडी उभी होती तशी राहिली, शेवाळाची माळ गोल होती तशी राहिली. सडायलासुद्धा सवड मिळाली नाही. तेव्हापासून कुणी गोडीगुलाबीने जवळ आलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

कोट्यवधी वर्षं मी मातीखाली काढली. वर आलो तर कुणीतरी उचलून शेताच्या बांधात बसवलं. तिथे माझं कौतुक कुणी करत नसे, पण कुणी कापतही नसे.

मग एक चष्मेवाली ताई आली. तिने मला उचललं, फुंकर मारली आणि चक्क जिभेने चाटलं! ओला दगड पोटातलं दाखवतो, म्हणून ही दगड अभ्यासणारी माणसं असं करतात, हे मला पुढे कळलं. त्या वेळी वाटलं, ही आता खाणार.

खाल्लं नाही, पण कापलं. तिच्या कामाच्या खोलीत पातं गरगरायचं. माझी चकती निघायची, ती डिंकाने काचेवर चिकटायची आणि आरपार उजेड दिसेपर्यंत घासली जायची. अशा चकत्या काढता काढता मी लिंबाच्या फोडीएवढा उरलो. शेवटच्या काचेत मात्र ताईला काहीतरी दिसलं आणि ती उडालीच.

"सर, बघा ना! काडीला बिलगून शेवाळ आहे!"

तिचे सर म्हणजे माझ्याहून संशयी. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मान हलवली. "डिंकाचे बुडबुडे आहेत हे."

"नाही हो, सर!"

"अगं, तरुणपणी असेच बुडबुडे मी शेवाळ म्हणून भर सभेत दाखवले. अजून लोक पाठीमागे मला बुडबुडेसर म्हणतात. तुझंही तेच व्हायला हवंय का? उरलेला तुकडा काप, नवी काच कर. तिच्यात दिसलं तर मानेन. नाहीतर टाक याला मागच्या खडीत."

"पण शेवाळाचा ठिपका एवढुसाच आहे. पात्याच्या जाडीतच तो जाईल. मग दाखवू काय?"

"मग बुडबुडेच समजायचे," असं म्हणून सर निघून गेले.

ताई बराच वेळ मला तळहातावर घेऊन बसली. मग तिने मला चिमट्यात आवळलं आणि पातं सुरू केलं. मी मनात म्हटलं, बघा, शेवटी हीसुद्धा त्या झऱ्यासारखीच निघाली. पातं गरम होऊ नये म्हणून त्यावर पाणी सोडतात. ते माझ्या तोंडावर उडालं, मी ओला झालो, माझ्या पोटातलं वरूनच दिसायला लागलं आणि ताई एकदम ओरडली, "थांब, थांब!" तिने घाईघाईने बटण बंद केलं.

मग तिने माझी ओली बाजू हाताने घासून गुळगुळीत केली, वर पाण्याचा थेंब ठेवला, दिवा वरून लावला आणि सरांना बोलावलं.

"सर, या बाजूला डिंक लागलेलाच नाही. आता बघा."

सरांनी आधी माझा वास घेतला. डिंकाचा येतो का ते पाहिलं असणार! मग पाहत राहिले. तपकिरी मण्यांची माळ काडीच्या कडेने दगडात खोल खोल गेली होती. त्यांचा चष्मा धुरकटला.

"शेवाळच आहे गं," ते म्हणाले. "याला आता कुणी हात लावायचा नाही."

आता मी कापसात, एका खणात असतो. शेजारी पातं फिरलं की अजूनही वाटतं, आता आपलाच नंबर. परवा सर एकटेच आले. इकडेतिकडे पाहून त्यांनी खण उघडला, मला उचललं. मी म्हटलं, झालं, भरली आपली घटका! आणि सरांनी काय करावं? लहान मुलासारखं मला चाटलं, खिडकीच्या उजेडात धरलं, स्वतःशीच हसले आणि रुमालाने पुसून परत कापसात ठेवलं.

मित्रांनो, संशय खुशाल घ्या, मीही घेतो. पण पातं फिरवण्याआधी एकदा ओलं करून नीट बघा, कारण कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. आणि हो, जाताना तेवढे खिसे दाखवून जा.